मनगटावर अचानक गाठ आली? गँगलियन म्हणजे काय, आणि ऑपरेशन खरंच लागतं का?

सोलापूर हे हातावर पोट असणाऱ्यांचं शहर आहे. १८७७ च्या सुमारास इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमाग राहिले. आजही शहराच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेल विणले जातात. हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. कुणी कांड्या भरतं, कुणी शिलाई करतं, कुणी कडक भाकरी थापून विकतं. कामं वेगवेगळी असली तरी दिवसभर चालतं ते मनगट आणि बोटंच.

अशा हातावर एके दिवशी गाठ दिसते. मनगटाच्या मागच्या बाजूला, हरभऱ्याएवढी किंवा सुपारीएवढी. दाबली तर थोडी दबते. कधी दुखते, कधी अजिबात दुखत नाही. मग घरात चर्चा सुरू होते. शेजारची म्हणते, चुना-गूळ लावून बघ. कुणी म्हणतं, जोरात दाबून फोडून टाक. कुणी हळूच विचारतं, कॅन्सर तर नसेल ना? आणि ज्याचा हात आहे त्याच्या मनात वेगळंच चालू असतं. ऑपरेशन सांगितलं तर किती दिवस काम बंद राहील?

मनगटावर येणाऱ्या अशा बहुतेक गाठी 'गँगलियन' प्रकारच्या असतात. ही गाठ नेमकी कशाची असते, कधी तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं आणि कधी मुळीच चालत नाही, ते समजून घेऊ.

गँगलियन म्हणजे नेमकं काय?

हात आणि मनगटावर येणाऱ्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी गाठ म्हणजे गँगलियन. निम्म्याहून जास्त गाठी याच असतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'गाठ' असाच आहे. शरीरात मज्जातंतूंच्या पेशींच्या पुंजक्यालाही गँगलियन म्हणतात, त्यामुळे काही जण घाबरतात. पण हातावरच्या या गाठीचा आणि त्याचा काही संबंध नाही. नाव तेवढं एक.

आपल्या प्रत्येक सांध्यात थोडंसं चिकट पाणी असतं. ते वंगणाचं काम करतं, म्हणून हाडं एकमेकांवर न घासता सरकतात. सांध्याभोवती एक मजबूत आवरण असतं. बोटं हलवणाऱ्या दोऱ्यांभोवतीही, म्हणजे टेंडनभोवती, तसंच एक आवरण असतं. या आवरणाला एखाद्या जागी फुगा आला आणि त्यात घट्ट, पारदर्शक, जेलीसारखा द्रव साठला की त्याची गाठ होते. ही गाठ एका बारीक देठाने आत सांध्याशी जोडलेली असते.

हा देठ लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे. देठातून द्रव गाठीत सहज येतो, पण परत सहज जात नाही. सायकलच्या ट्यूबला जसा व्हॉल्व असतो, तसंच काहीसं. म्हणून हात जास्त वापरला की गाठ फुगलेली वाटते आणि आराम दिला की बसल्यासारखी वाटते. 'गाठ कमी-जास्त होते' असं रुग्ण सांगतात ते यामुळेच.

गाठ कुठे येते?

मुख्यतः चार जागी येते. जागेनुसार त्रास आणि उपचार दोन्ही बदलतात.

मनगटाच्या मागच्या बाजूला : सगळ्यात जास्त, म्हणजे साधारण ६० ते ७० टक्के गाठी इथे येतात. मनगटाच्या मधोमध दोन छोट्या हाडांना बांधणारं एक लिगामेंट असतं, तिथून ही गाठ उगवते. मनगट मागे वाकवलं की ती दुखते. म्हणजे जमिनीवर हात टेकून उठताना, भाकरी थापताना, सूर्यनमस्कार किंवा जोर मारताना.

मनगटाच्या पुढच्या बाजूला, अंगठ्याच्या खाली : जिथे नाडी बघतात अगदी तिथेच. साधारण १५ ते २० टक्के गाठी इथल्या. हाताला रक्त पुरवणारी मोठी धमनी गाठीला लागूनच जाते, कधी कधी गाठीला चिकटलेली असते. त्यामुळे या जागेच्या गाठीत सुई घालताना किंवा ऑपरेशन करताना जास्त काळजी घ्यावी लागते.

बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला : ही गाठ वाटाण्यापेक्षाही लहान आणि कडक असते. हाडच वर आल्यासारखं वाटतं. बादलीची कडी धरली, गाडीचं हँडल घट्ट पकडलं की टोचते.

नखाच्या मागे, बोटाच्या शेवटच्या सांध्यावर : ही साधारणपणे पन्नाशीनंतर दिसते. सांध्याची झीज हे त्यामागचं कारण असतं. गाठीचा दाब नखाच्या मुळावर पडला तर नखावर लांब खाच पडते. इथली कातडी फार पातळ होते, म्हणून ही गाठ चुकूनही टोचू किंवा फोडू नये.

बायकांमध्ये गँगलियनचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, सुमारे तिप्पट आढळतं. वय बहुतेक वेळा २० ते ४० च्या दरम्यान. लहान मुलांनाही ही गाठ येते, पण त्यांच्यात ती आपोआप जाण्याची शक्यता बरीच असते.

विड्या वळल्याने किंवा माग चालवल्याने गाठ येते का?

सोलापुरात हा प्रश्न हमखास विचारला जातो. खरं उत्तर असं आहे की, गँगलियन का येतं याचं एकच पक्कं कारण अजून सापडलेलं नाही. काही रुग्णांना आधी मनगटाला मार लागलेला असतो किंवा मनगट मुरगळलेलं असतं. सांध्यावर वारंवार ताण आला की आवरणाचे धागे कमकुवत होतात आणि तिथे द्रव साठू लागतो, असं मानलं जातं. जिम्नॅस्टिक करणाऱ्यांमध्ये, म्हणजे हातावर शरीराचं वजन पेलणाऱ्यांमध्ये, ही गाठ बरीच दिसते.

पण विड्या वळल्यामुळे किंवा शिलाई केल्यामुळेच गाठ आली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला ती येते आणि काहीही जड काम न करणाऱ्यालाही येते. काम थांबवलं म्हणजे गाठ जाईलच असंही नाही. मात्र एक गोष्ट खरी. गाठ आधीच असेल तर मनगटाच्या कामाने ती जास्त दुखते.

शिवाय हाताची कामं करणाऱ्यांना गाठ नसतानाही मनगट दुखण्याची इतर कारणं असू शकतात. अंगठ्याच्या मुळाशी टेंडनला सूज येऊन दुखणं हे एक. रात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येऊन जाग येणं, म्हणजे मनगटात नस दबणं, हे दुसरं. त्यामुळे गाठ दिसते आहे म्हणून सगळं दुखणं त्या गाठीचंच, असं गृहीत धरू नये.

हा कॅन्सर आहे का?

नाही. गँगलियन ही कॅन्सरची गाठ नाही आणि पुढे जाऊन तिचा कॅन्सर होत नाही. ती शरीरात पसरत नाही. तिचा संसर्गही होत नाही.

हे ठासून सांगण्याचं कारण म्हणजे भीती. ब्रिटनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात गँगलियनच्या रुग्णांना 'तुम्ही डॉक्टरकडे का आलात' असं विचारलं होतं. दुखतं म्हणून आलेले साधारण चारात एक होते. गाठ कॅन्सरची असेल या भीतीने आलेलेही जवळपास तितकेच होते. बाकी बऱ्याच जणांना गाठ दिसायला नको होती. म्हणजे अनेकांना औषधापेक्षा 'घाबरण्यासारखं काही नाही' हे तपासून सांगणारं कुणीतरी हवं असतं.

डॉक्टर गाठ कशी ओळखतात?

बहुतेक वेळा हात लावून बघितल्यावरच निदान होतं. गाठ कुठे आहे, मऊ आहे की टणक, हलते का, बोटं हलवल्यावर सोबत सरकते का, हे डॉक्टर बघतात. खोलीत अंधार करून गाठीवर छोट्या टॉर्चचा उजेड टाकतात. आत पारदर्शक द्रव असेल तर गाठ कंदिलासारखी उजळते. घन मांसाची गाठ असेल तर उजळत नाही.

शंका असेल तर सोनोग्राफी करतात. गाठीत द्रव आहे की मांस, आणि धमनी किती जवळ आहे, हे त्यात कळतं. सांध्याची झीज किंवा हाडाचा काही दोष बघायचा असेल तर एक्स-रे काढतात. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. मनगट सतत दुखतं पण वरून गाठ दिसत नाही, अशा वेळी आत लपलेलं छोटं गँगलियन शोधायला त्याचा उपयोग होतो.

प्रत्येक गाठ गँगलियन नसते : टीबीची गाठ ओळखा

हा भाग नीट वाचा. आपल्या देशात मनगटावरच्या सुजेचं एक कारण टीबी, म्हणजे क्षयरोग हेही असतं. टीबी फक्त फुप्फुसांचा होतो असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो हाडं, सांधे आणि टेंडनच्या आवरणालाही होतो.

तळहाताच्या बाजूला बोटं वाकवणाऱ्या टेंडनच्या आवरणात टीबी झाला की मनगटाच्या वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंना सूज येते आणि मध्ये मनगटाच्या पट्ट्यामुळे ती दाबलेली दिसते. आकार डमरूसारखा. वरची सूज दाबली की खालची फुगते. आतमध्ये तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कण सापडतात. वैद्यकीय पुस्तकांत तिला 'कंपाउंड पामर गँगलियन' म्हणतात. नावात गँगलियन असलं तरी हा आजार पूर्ण वेगळा आहे.

सुरुवातीला ही सूज फारशी दुखत नाही, म्हणून महिनोन्महिने अंगावर काढली जाते. तोपर्यंत टेंडन खराब होतात, बोटं नीट वाकत नाहीत, नस दबून बधिरपणा येतो. ती साधी गाठ समजून त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर आजार आणखी बळावू शकतो. वेळेत ओळखली तर टीबीची औषधं किमान सहा महिने घेऊन, आणि गरज असेल तर ऑपरेशन करून ती बरी होते. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांत टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

याशिवाय चरबीची गाठ, टेंडनच्या आवरणाची घन गाठ, संधिवाताची सूज, सुई किंवा काटा टोचल्यावर कातडीखाली तयार झालेली गाठ, धमनीला आलेला फुगा, अशाही गोष्टी गँगलियनसारख्या दिसतात. म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून निदान मागण्यापेक्षा एकदा डॉक्टरांना हात दाखवणं चांगलं.

उपचार पहिला : काहीही न करणं

ऐकायला विचित्र वाटेल, पण गाठ दुखत नसेल आणि कामात अडथळा येत नसेल तर काही न करणं हा रीतसर उपचार आहे. बऱ्याच गाठी आपोआप जिरतात. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात मनगटाच्या मागच्या गाठींच्या रुग्णांचा सुमारे सहा वर्षांनी पुन्हा आढावा घेण्यात आला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर काहीच उपचार केले नव्हते, त्यांच्यापैकी साधारण ४० टक्के जणांची गाठ आपोआप गेली होती. लहान मुलांमध्ये तर डॉक्टर बहुतेक वेळा आधी वाट बघण्याचाच सल्ला देतात.

या काळात दुखलं तर मनगटाला काही दिवस पट्टा बांधून आराम देता येतो. डॉक्टरांना विचारून साधी वेदनाशामक गोळी घेता येते. पट्टा मात्र महिनोन्महिने बांधू नये. स्नायू कमकुवत होतात आणि मनगट आखडतं. कामातही थोडे बदल करता येतात. जमिनीवरून उठताना तळवा टेकण्याऐवजी मूठ टेकली की मनगट मागे वाकत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं हात मोकळे सोडले तरी फरक पडतो.

उपचार दुसरा : सुईने द्रव काढणं

गाठीची जागा बधिर करून जाड सुईने आतली जेली ओढून काढतात. काम काही मिनिटांचं असतं. दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. गाठ लगेच बसते.

पण देठ आणि पिशवी आतच राहते. त्यामुळे द्रव पुन्हा साठू शकतो. २०१५ मध्ये जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुईने द्रव काढल्यावर सुमारे ५९ टक्के रुग्णांची गाठ परत आली. म्हणजे दहातल्या जवळपास सहा जणांची. सोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याने गाठ परत येणं कमी होतं, असं स्पष्टपणे दिसलेलं नाही.

मग सुईचा उपयोग काय? दोन गोष्टींसाठी. एक, आतून घट्ट पारदर्शक जेली निघाली की गाठ गँगलियनच आहे याची खात्री पटते. दोन, ऑपरेशन टाळायचं असेल किंवा लगेच शक्य नसेल तर काही काळ आराम मिळतो. बोटाच्या मुळाशी असलेल्या छोट्या गाठीसाठी सुईचा पर्याय आधी वापरून बघतात. नाडीजवळच्या गाठीत मात्र धमनीला इजा होण्याचा धोका असतो. तिथे अनुभवी डॉक्टर, शक्यतो सोनोग्राफीत बघून, सुई घालतात किंवा सरळ टाळतात.

उपचार तिसरा : ऑपरेशन

गाठ सतत दुखत असेल, पकड कमी झाली असेल, नस दबून मुंग्या येत असतील किंवा सुईनंतर गाठ पुन्हा पुन्हा येत असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. बहुतेक वेळा फक्त हाताला भूल देतात. डॉक्टर छोटा छेद घेऊन गाठ, तिचा देठ आणि देठ जिथून निघतो तिथला आवरणाचा छोटा तुकडा असं सगळं काढतात. देठ मागे राहिला तर गाठ परत येण्याची शक्यता वाढते. नखामागची गाठ काढताना सांध्यावर वाढलेली हाडाची कडही घासून काढतात.

ऑपरेशननंतरही गाठ परत येऊ शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं. वर उल्लेख केलेल्या २०१५ च्या आढाव्यात खुल्या ऑपरेशननंतर गाठ परत येण्याचं प्रमाण साधारण २१ टक्के होतं. लेस्टरच्या अभ्यासात ते ३९ टक्क्यांपर्यंत होतं. दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनचे आकडे आढाव्यात चांगले दिसतात, पण दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्यावर वर्षभरानंतर फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे फक्त दुर्बिणीसाठी मोठा खर्च करून लांबच्या शहरात जाण्याची घाई नको.

ऑपरेशनचे काही धोकेही आहेत. जखमेत पू होणं, मनगट आखडणं, व्रण दुखत राहणं, बारीक नसेला धक्का लागून कातडी बधिर होणं, आणि नाडीजवळच्या गाठीत धमनीला इजा होणं. हे सगळ्यांना होत नाही, पण शून्यही नाही. गाठ दुखत नसताना केवळ 'काढून टाकू' म्हणून ऑपरेशन करताना हा हिशोब मांडायला हवा.

काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासायला पाठवा असं डॉक्टरांना जरूर सांगा. ती खरंच गँगलियन होती की दुसरं काही, हे त्यातूनच पक्कं कळतं.

काम किती दिवस बंद राहील?

रोजंदारीवर जगणाऱ्या घरात सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो. त्याचं उत्तर ऑपरेशनच्या आधी मिळायला हवं, नंतर नाही.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहायची, नाहीतर ती आखडतात. हलकी कामं काही दिवसांत सुरू करता येतात. लिहिणं, फोन वापरणं, जेवणं वगैरे. वजन उचलणं, माग चालवणं, भाकरी थापणं, धुणं पिळणं यांसाठी साधारण चार ते सहा आठवडे थांबावं लागू शकतं. मनगटाची पूर्वीची ताकद यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

समजा, घरात विड्या वळणाऱ्या बाईच्या उजव्या मनगटावर गाठ आहे. ती फक्त महिन्यातून दोन-तीन दिवस थोडी दुखते. ऑपरेशन केलं तर महिनाभराची मजुरी बुडणार आणि गाठ परत न येण्याची खात्रीही नाही. तिने वाट बघणं शहाणपणाचं आहे. पण तीच बाई रोज दुखण्यामुळे निम्म्याच विड्या वळू शकत असेल, तर रोजची निम्मी मजुरी तशीही बुडतेच आहे. तिच्यासाठी महिनाभर थांबून ऑपरेशन करून घेणं फायद्याचं ठरू शकतं. गाठ तीच, पण निर्णय वेगळा. म्हणून शेजारणीने काय केलं यावरून स्वतःचं ठरवू नये.

ऑपरेशन ठरलंच तर तारीख निवडताना सण, लग्नसराई, कामाचा जोर आणि घरात मदतीला कोण आहे हे बघून ठरवा. गँगलियनचं ऑपरेशन बहुतेक वेळा तातडीचं नसतं. दोन महिने पुढे गेलं तरी चालतं.

हे मात्र करू नका

गाठ आपटून फोडू नका. युरोपात पूर्वी घरातल्या सगळ्यात जाड पुस्तकाने, म्हणजे बायबलने, गाठीवर जोरात मारायची पद्धत होती. त्यावरून या गाठीला 'बायबल गाठ' असंही नाव पडलं. आपल्याकडे कुणी वरवंट्याने दाबतं, कुणी अंगठ्याने चिरडतं. त्याने गाठ काही दिवस जाते, कारण द्रव आजूबाजूला पसरतो. पण देठ तसाच राहतो आणि गाठ पुन्हा येते. मनगटाचं एखादं छोटं हाड मोडू शकतं किंवा टेंडनला इजा होते ते वेगळंच.

घरी सुई टोचू नका. या गाठीचा संबंध थेट सांध्याशी असतो. जंतू आत गेले तर सांध्यात पू होऊ शकतो. नखामागच्या गाठीत हा धोका सगळ्यात जास्त.

डाग देऊ नका. गरम सळईचा चटका देऊन गाठ जात नाही. जखम होते, ती चिघळते आणि कायमचा व्रण राहतो.

घट्ट दोरा किंवा नाणं बांधून ठेवू नका. हाताचा रक्तपुरवठा कमी होतो.

चुना किंवा झोंबणारे लेप लावू नका. चुन्याने कातडी भाजते आणि गाठीच्या आतल्या देठापर्यंत कोणताही लेप पोहोचत नाही.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं?

पुढीलपैकी काहीही असेल तर वाट बघत बसू नका.

गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढते आहे.
गाठ दगडासारखी टणक आहे आणि जागची हलत नाही.
गाठ लाल, गरम झाली आहे किंवा सोबत ताप आहे.
गाठीत नाडीसारखे ठोके जाणवतात.
बोटांत सतत मुंग्या, बधिरपणा आहे किंवा वस्तू हातातून निसटतात.
सूज मनगटाच्या वर आणि खाली दोन्हीकडे आहे, किंवा सोबत संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन कमी होतं, घरात कुणाला टीबी झालेला आहे.
दोन्ही मनगटं सुजतात आणि सकाळी उठल्यावर बराच वेळ हात आखडलेले राहतात.
गाठ फुटून त्यातून पाणी किंवा पू येतो आहे.

सोलापुरात कुठे दाखवायचं?

अशा गाठीसाठी अस्थिरोग विभागात, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांकडे, किंवा जनरल सर्जरीच्या ओपीडीत जायचं. सोलापुरात १९६३ साली सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याशी जोडलेलं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय लोक 'सिव्हिल' म्हणूनच ओळखतात. तिथे केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं. जिल्ह्यातल्या गावांतून येणाऱ्यांनी आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवलं तरी चालतं. गाठ साधी आहे की पुढे पाठवायला हवी, हे तिथले डॉक्टर सांगू शकतात.

सोलापुरात घरोघरी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा वेगवेगळ्या भाषा बोलल्या जातात. घरातल्या वयस्कर माणसाला त्रास नीट सांगता येत नसेल तर सोबत कुणीतरी जावं. आधीचे एक्स-रे, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यावीत. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगावं.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

ही गाठ गँगलियनच आहे हे कशावरून?
मी काही महिने वाट बघितली तर काही बिघडेल का?
सुईने काढली तर परत येण्याची शक्यता किती?
ऑपरेशन केलं तर माझं काम किती दिवस बंद राहील?
गाठ धमनीच्या किंवा नसेच्या किती जवळ आहे?
काढलेली गाठ तपासणीला पाठवणार का?

हे प्रश्न विचारण्यात संकोच करू नका. हात तुमचा आहे आणि मजुरीही तुमचीच बुडणार आहे.

थोडक्यात सांगायचं तर

मनगटावरची मऊ, कमी-जास्त होणारी गाठ बहुतेक वेळा गँगलियन असते. ती कॅन्सर नाही. दुखत नसेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून तिला तशीच राहू दिली तरी चालतं. अनेकदा ती आपोआप जाते. सुईने द्रव काढणं सोपं आहे, पण निम्म्याहून जास्त वेळा गाठ परत येते. ऑपरेशननंतर ती परत येण्याची शक्यता कमी असते, पण काही आठवडे काम थांबवावं लागतं. फोडणं, टोचणं, डाग देणं यातून फायदा काहीच नाही. आणि सूज मनगटाच्या वर-खाली दोन्हीकडे असेल तर टीबीची तपासणी करून घ्यायची, ती टाळायची नाही.